होतकरूंची क्रमवारी आणि भाकिताची कसोटी : अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉलसंबंधी एक चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या शिखरावर मेजर लीगचे तीस संघ आहेत. या प्रत्येक संघाच्या अधीन खालच्या पातळीवरचे काही संघ असतात व त्यांच्या स्पर्धांना मायनर लीग असे संबोधले जाते. ब्रँच रिकी यांनी सेंट लुईस कार्डिनल्स या संघासाठी १९२० च्या दशकात ही रचना पद्धतशीरपणे उभी केली आणि पुढे तीच सर्वमान्य झाली. आपल्याकडील रणजी करंडकाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु ती फसवी ठरते. रणजीचा संघ राज्य संघटनेचा असतो. मायनर लीगमधील खेळाडू मात्र करारान्वये वरच्या संघाशी बांधलेला असतो आणि त्याला कोणत्या पातळीवर, किती काळ खेळवायचे हे तो वरचा संघच ठरवतो. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर अशा संलग्न संघांची संख्या १२० इतकी झाली. सतराव्या-अठराव्या वर्षी या व्यवस्थेत शिरलेला मुलगा एकेक पायरी चढत जातो. बहुसंख्य मुले वाटेतच थांबतात.

यांपैकी कोण वर पोहोचेल याचे भाकीत करणे हा तेथे एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. अॅलन सिम्पसन यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने १९९० पासून दरवर्षी शंभर होतकरू खेळाडूंची क्रमवार यादी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे गुणवत्ता यादी परीक्षेनंतर लागते. ही यादी परीक्षेच्या आधी लागते, हा तिचा विशेष होय. साहजिकच काही वर्षांनी तिची उलटतपासणी होते. प्रस्तुत लेखात या उलटतपासणीचीच चिकित्सा करावयाची आहे, कारण याद्या किती अचूक ठरतात हा प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो त्या रीतीतच काही गंभीर उणिवा आहेत.

पारखीची नजर आणि आकड्यांचा हिशेब

खेळाडूचे मूल्यमापन करणाऱ्या स्काउटला मराठीत ‘पारखी’ म्हणणे योग्य ठरेल. तो खेळाडूच्या प्रत्येक कौशल्यास २० ते ८० या मापनश्रेणीवर गुण देतो. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी. चेंडू नेमका टिपणे, तो दूर मारण्याची ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक ही फलंदाजाची पाच कौशल्ये मानली जातात. पारखी आज दिसणाऱ्या कौशल्याला गुण देतो आणि पाच-सात वर्षांनी ते किती असेल याचाही अंदाज नोंदवतो. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाचे शरीर आणि स्वभाव पंचविसाव्या वर्षी कसे असतील, याचे हे अनुमान असते.

केवळ आकड्यांवर विसंबणाऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. बिल जेम्स यांनी १९७७ पासून प्रसिद्ध केलेल्या वार्षिक ग्रंथांतून सांख्यिकीय विचाराची पायाभरणी केली. मायनर लीगमधील फलंदाजीचे आकडे योग्य त्या घटीसह मेजर लीगच्या परिमाणात रूपांतरित करता येतात, हे त्यांनी १९८५ मध्ये मांडले. तत्पूर्वी या आकड्यांना फारशी किंमत दिली जात नसे, आणि त्याला कारणही होते. कॅलिफोर्निया लीगसारख्या स्पर्धेतील मैदाने व हवा फलंदाजाला इतकी अनुकूल की तेथील आकडे फुगलेले असतात. शिवाय वयाचा मुद्दा असतो. तेवीस वर्षांच्या खेळाडूने एकोणीस वर्षांच्या मुलांविरुद्ध मिळवलेले यश आणि एकोणीस वर्षांच्याने तेवीस वर्षांच्यांविरुद्ध मिळवलेले यश कागदावर सारखेच दिसते.

मायकेल लुईस यांच्या २००३ मधील ‘मनीबॉल’ या पुस्तकाने या वादाला नाट्यरूप दिले. ओकलंड संघाने २००२ मध्ये पारख्यांच्या मताविरुद्ध, महाविद्यालयीन आकडेवारीच्या आधारे जेरेमी ब्राउन या स्थूल बांध्याच्या कॅचरला पस्तिसाव्या क्रमांकावर निवडले, ही त्यातील एक मध्यवर्ती कथा. ब्राउन यांच्या वाट्याला मेजर लीगमधील पाच सामने आले, तेही २००६ मध्ये. याच निवडीतील निक स्विशर आणि जो ब्लँटन यांनी दीर्घ कारकीर्द केली, हे खरे. परंतु त्यांना आधीपासून पारख्यांचीही पसंती होती. पुस्तक वाचनीय आहे, पण भाकितशास्त्राचा पुरावा म्हणून ते वापरणे धाडसाचे ठरते.

खरी कसोटी २००६ च्या याद्यांची झाली आणि ती घेणारा स्वतः एका पक्षाचा होता. नेट सिल्व्हर यांनी ‘पेकोटा’ नावाची संगणकीय पद्धत २००३ मध्ये सादर केली होती. एखाद्या खेळाडूशी वय, शरीरयष्टी व आकडे यांत जुळणारे पूर्वीचे खेळाडू शोधायचे आणि त्यांच्या वाटचालीवरून याचे भवितव्य वर्तवायचे, अशी तिची रीत होती. २००६ मध्ये सिल्व्हर यांनी या पद्धतीने शंभर होतकरूंची यादी केली. ‘द सिग्नल अँड द नॉइज’ (२०१२) या ग्रंथात त्यांनी तिची ‘बेसबॉल अमेरिका’च्या त्याच वर्षीच्या यादीशी तुलना केली. २०११ पर्यंत पेकोटाच्या यादीतील खेळाडूंनी आपल्या संघांना ५४६ विजयांइतके योगदान दिले होते, तर नियतकालिकाच्या यादीतील खेळाडूंनी ६३० विजयांइतके. संगणकाचा सुमारे पंधरा टक्क्यांनी पराभव झाला आणि संगणकाच्या कर्त्यानेच तो नोंदवला. अशी उदाहरणे विद्येच्या क्षेत्रातही विपुल नाहीत.

या पराभवाचा अर्थ ‘नजर श्रेष्ठ, आकडे कनिष्ठ’ असा लावणे चूक होईल. २००६ पर्यंत पारख्यांनी आकडे आत्मसात केले होते. त्यांच्यापाशी आकडे होतेच आणि त्यांवर प्रत्यक्ष पाहिलेली माहिती होती. संगणकापाशी केवळ आकडे होते. अधिक माहिती असलेला जिंकला, इतकेच यातून सिद्ध होते. एकाच मापावर भिस्त ठेवण्याचे टोक पाहावयाचे तर २००८ मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेकडे पाहावे. रडार गनवर नोंदला जाणारा फेकीचा वेग हा तिचा मुख्य निकष होता. तिच्यातून पुढे आलेले रिंकू सिंग व दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्स संघाशी करारबद्ध झाले, परंतु दोघांपैकी कोणीही मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांपलीकडे जाऊ शकला नाही. त्यांची जिद्द निर्विवाद आहे. प्रश्न निकषाचा आहे.

क्रमांक काय लपवतो

२००६ ची नियतकालिकाची यादी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. प्रथम क्रमांकावर डेल्मन यंग, तिसऱ्यावर ब्रँडन वुड, आठव्यावर जस्टिन व्हरलँडर आणि सत्त्याहत्तराव्यावर डस्टिन पेड्रोया. यंग यांची कारकीर्द सामान्य ठरली. वुड यांनी २००५ मध्ये उपरोक्त कॅलिफोर्निया लीगमध्येच ४३ होम रन मारले होते. मेजर लीगमधील २७२ सामन्यांत त्यांची फलंदाजीची सरासरी केवळ .१८६ राहिली. व्हरलँडर यांनी सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार तीनदा (२०११, २०१९, २०२२) मिळवला. पाच फूट नऊ इंच उंचीचीही खात्री नसलेले पेड्रोया २००८ मध्ये अमेरिकन लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. पेकोटाने त्यांना चौथे स्थान दिले होते. एकूण सामन्यात हरलेल्या पद्धतीने हा एक डाव मात्र निर्विवाद जिंकला होता.

अशा उदाहरणांची माळ कोणत्याही बाजूने ओवता येते. याद्यांची थट्टा करावयाची असेल तर १९९१ मध्ये अग्रस्थानी असलेले टॉड व्हॅन पॉपेल (४० विजय, ५२ पराभव) आणि १९९२ मधील ब्रायन टेलर पुरेसे आहेत. टेलर यांचा खांदा डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत दुखावला आणि ते मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकले नाहीत. याद्यांची भलावण करावयाची असेल तर १९९३ चे चिपर जोन्स, १९९५ चे अॅलेक्स रॉड्रिगेझ, २००४ व २००५ चे जो मावर, तसेच २०११ मध्ये पहिल्या दोन स्थानांवर असलेले ब्राइस हार्पर व माइक ट्राउट ही नावे आहेत. निवडक उदाहरणांवर चाललेला हा वाद तीन दशके संपलेला नाही, आणि त्या पद्धतीने तो संपणारही नाही.

समूहाचा हिशेब अधिक उद्बोधक आहे. १९९० ते २००३ या वर्षांच्या याद्यांचा एक आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सत्तर टक्के खेळाडू अपयशी ठरल्याचे दिसून आले. फलंदाजांच्या तुलनेत पिचर अधिक प्रमाणात अपयशी ठरले आणि यादीत खाली जावे तसे यशाचे प्रमाण घटत गेले. ‘सत्तर टक्के’ हा आकडा याद्यांविरुद्ध वारंवार वापरला जातो; तथापि तो यशाच्या व्याख्येवर अवलंबून आहे. दरवर्षी ठरावीक किमान योगदान देणारा तो यशस्वी, अशी व्याख्या केल्यास मेजर लीगमध्ये काही हंगाम काढून उपजीविका करणारा खेळाडूही अपयशी ठरतो. पिचरांच्या बाबतीत तर भाकिताला मर्यादा शरीरशास्त्रानेच घातलेली आहे. कोपर व खांद्यावर इतका ताण पडतो की ‘होतकरू पिचर असा काही प्रकारच नसतो’ अशी म्हण त्या वर्तुळात रूढ झाली. म्हण अतिशयोक्त असली तरी तिच्यामागील अनुभव खोटा नाही.

दोष क्रमांकाच्या स्वरूपात आहे. पहिला व दुसरा यांतील अंतर आणि सत्तरावा व एकाहत्तरावा यांतील अंतर यादीत सारखेच दिसते. वस्तुतः वरच्या टोकाला ते मोठे असते, तळाशी नगण्य. शिवाय वर्षभरात चित्र किती पालटते हे क्रमांक सांगत नाही. २०११ मध्ये दुसरे असलेले ट्राउट २०१० च्या यादीत पंच्याऐंशीव्या स्थानावर होते. ‘बेसबॉल अमेरिका’ने २०१२ च्या वार्षिक पुस्तिकेपासून प्रत्येक खेळाडूच्या श्रेणीसोबत जोखीमही नोंदवण्यास सुरुवात केली, ही स्वागतार्ह सुधारणा होती. परंतु लोकांच्या तोंडी राहतो तो क्रमांक, जोखीम नव्हे.

भाकीत आणि भवितव्य यांची गुंतागुंत

अचूकतेच्या चर्चेतील सर्वांत दुर्लक्षित बाब अशी की भाकीत आणि फळ ही येथे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. वेधशाळेच्या अंदाजाने पावसावर परिणाम होत नाही. होतकरू खेळाडूच्या बाबतीत तसे नसते. ज्याच्यावर संघाने मोठी रक्कम खर्च केली आहे व ज्याचे नाव यादीत वर आहे, त्याला अपयशानंतरही संधी मिळत राहते. वुड यांना २७२ सामने मिळाले, ते .१८६ च्या सरासरीमुळे नव्हे. अल्बर्ट पुहोल्स यांना १९९९ च्या निवडीत तेराव्या फेरीपर्यंत कोणी घेतले नाही. अशा खेळाडूला एक वाईट हंगामही महाग पडू शकतो. पुहोल्स यांना तो आला नाही. २००१ च्या यादीत ते बेचाळिसावे होते, त्याच वर्षी ते सर्वोत्तम नवोदित ठरले आणि २०२२ मध्ये ७०३ होम रन नावावर घेऊन निवृत्त झाले.

उलट दिशेचा परिणाम त्याहून विलक्षण आहे. २०१५ च्या यादीत ख्रिस ब्रायंट प्रथम होते. त्या वसंतातील सराव सामन्यांत त्यांनी ९ होम रन मारले, तरीही शिकागो कब्ज संघाने हंगामाच्या आरंभी त्यांना खालीच ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. मेजर लीगमध्ये सेवेचे पूर्ण वर्ष गणले जाण्यास १७२ दिवस लागतात. ब्रायंट यांचे १७१ भरले. सहा पूर्ण वर्षांनंतर खेळाडूला खुल्या बाजारात जाता येते, म्हणून एका दिवसाच्या कमतरतेने संघाला त्यांच्या सेवेचे आणखी एक वर्ष मिळाले. त्या वर्षी ते सर्वोत्तम नवोदित ठरले, पुढल्या वर्षी सर्वांत मौल्यवान खेळाडू. त्यांची तक्रार लवादाने २०२० मध्ये फेटाळली. भाकीत तंतोतंत खरे ठरणार या खात्रीपोटीच खेळाडूला रोखून धरले गेले. सामान्य खेळाडूबाबत अशी चलाखी करण्यात कोणत्याही संघाला लाभ नसतो.

२०२२ च्या सामूहिक करारात यावर जो उपाय योजला गेला त्याने याद्यांचे स्थानच बदलले. नवोदित खेळाडू ‘बेसबॉल अमेरिका’, ‘ईएसपीएन’ व ‘एमएलबी पाइपलाइन’ या तिघांपैकी किमान दोघांच्या शंभरांच्या यादीत असेल, संघाने त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळू दिली असेल आणि तो सर्वोत्तम नवोदित ठरला, अथवा पुढील काही वर्षांत प्रमुख पुरस्कारांच्या मतदानात पहिल्या तिघांत आला, तर संघाला खेळाडू निवडीची एक जादा संधी मिळते. हुलिओ रॉड्रिगेझ यांच्यामुळे सिॲटल मरिनर्सला ती सर्वप्रथम मिळाली. पत्रकारांनी वाचकांसाठी केलेली यादी अशा रीतीने मालक व कामगार यांच्यातील कराराचे कलम बनली. क्रमांक ९८ आणि क्रमांक १०३ यांतील फरक पारख्याच्या दृष्टीने शून्यवत् असतो. करारात मात्र त्या दोहोंच्या मधून रेषा जाते. यादी करणाऱ्यांनी ही जबाबदारी मागितली नव्हती, परंतु ती आल्यानंतर त्यांच्या पद्धतीची जाहीर तपासणी होणे क्रमप्राप्त होते. तशी ती पुरेशी झालेली दिसत नाही.

यादीबाहेरचे

२०२४ पासून प्रत्येक संघाला आपल्या देशांतर्गत मायनर लीग व्यवस्थेत १६५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे तीस संघांचे मिळून सुमारे पाच हजार खेळाडू होतात. त्यांपैकी शंभर यादीत येतात. उरलेल्यांचे जिणे कसे होते हे त्यांच्या वेतनावरून समजते. २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने सर्वांत वरच्या पायरीवरील किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर आणि सर्वांत खालच्या पायरीवरील ४,८०० वरून १९,८०० वर नेले. त्यापूर्वी हंगाम संपला की दुसरे काम शोधणे हा अनेकांचा नित्यक्रम होता. वरच्या फेरीत निवडलेल्यास घसघशीत रक्कम आधीच मिळालेली असते. शेवटच्या फेऱ्यांतल्याला आहार, सराव आणि विश्रांती यांचा खर्च या वेतनातून भागवावा लागे. दोघांच्या प्रगतीची तुलना करताना ही विषमता हिशेबात धरली जात नाही.

अचूकतेच्या बहुतेक परीक्षा यादीतील नावांपासून सुरू होतात व त्यांतील किती फळास आली हे मोजतात. जे यादीत नव्हते आणि तरीही फळास आले, त्यांची गणना क्वचितच होते. जेकब डिग्रॉम २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडले गेले आणि ‘बेसबॉल अमेरिका’च्या शंभरांत कधीही आले नाहीत, २०१८ व २०१९ मध्ये त्यांनी साय यंग पुरस्कार पटकावला. पॉल गोल्डश्मिट आठव्या फेरीतले, तेही यादीबाहेरचेच, आणि २०२२ मध्ये नॅशनल लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू. व्हेनेझुएलातील होसे अल्तुवे यांना २००७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने अवघ्या १५,००० डॉलरवर करारबद्ध केले. त्यांची उंची पाच फूट सहा इंच. ते २०१७ मध्ये अमेरिकन लीगचे सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले. मायनर लीगमध्ये त्यांनी सातत्याने धावा जमवल्या होत्या आणि ते प्रत्येक पायरीवर वयाने लहान होते. आकडे उपलब्ध होते. पाच कौशल्यांच्या तक्त्यात उंचीला रकाना नसतानाही ती मोजली गेली. यादीतील नावांवरून काढलेल्या यशाच्या कोणत्याही टक्केवारीत अल्तुवे यांचा समावेश होत नाही.