'एकच प्याला' आणि मादक द्रव्यांचे प्राथमिक ज्ञान

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तेव्हापासून त्याविषयी झालेल्या चर्चेत दोन भूमिका वारंवार आढळतात. पहिल्या भूमिकेनुसार हे दारूच्या दुष्परिणामांचे नाटक आहे. सुधाकराच्या जागी दुसरा कोणीही असता तरी शेवट हाच झाला असता. दुसऱ्या भूमिकेनुसार हे एका अतिमानी पुरुषाच्या स्वभावदोषाचे नाटक आहे. दारू हे केवळ निमित्त होय. पहिली भूमिका स्वीकारली तर नाटक प्रचाराच्या पातळीवर उतरते आणि दुसरी स्वीकारली तर त्याचे शीर्षकच निरर्थक ठरते. मादक द्रव्यांविषयीचे जे प्राथमिक ज्ञान आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील समुपदेशकाला अवश्य मानले जाते, त्याच्या प्रकाशात हा वाद तपासून पाहिल्यास दोन्ही भूमिका अपुऱ्या असल्याचे दिसून येते.

प्रथम द्रव्याचा विचार करावयास हवा. मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांचे स्थूलमानाने वर्ग पाडले जातात. मद्य, झोपेच्या गोळ्या आणि अफूपासून होणारे पदार्थ ही मज्जासंस्थेचे व्यापार मंद करणारी द्रव्ये. कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, निकोटीन ही उत्तेजक. एलएसडीसारखी द्रव्ये भ्रम उत्पन्न करणारी. गांजा-चरस यांचा वर्ग बहुधा स्वतंत्र मानतात. मद्य उत्तेजक आहे हा लोकसमज चुकीचा आहे. आरंभी येणारी तरतरी ही मेंदूतील संयमन करणारे व्यापार प्रथम मंदावल्यामुळे भासणारी तरतरी असते. मेंदूतील गॅबा या शामक द्रव्याचे कार्य मद्य वाढविते आणि ग्लुटामेट या उद्दीपक द्रव्याचे कार्य रोखते. दीर्घकाळ हे चालू राहिले म्हणजे मेंदू समतोल राखण्यासाठी उलट दिशेने जुळवून घेतो. त्यामुळे पूर्वीच्या मात्रेने पूर्वीचा परिणाम होत नाही आणि पुढे मद्यावाचून स्वस्थता राहत नाही. पहिल्या अवस्थेस सहनशक्ती वाढणे म्हणतात, दुसरीस शारीरिक अवलंबन.

हे लक्षात घेऊन नाटकाकडे वळले असता असे आढळते की, 'एकच प्याला' या शब्दांत तीन भिन्न प्याले सामावले आहेत. न्यायालयातील मानभंगाने आणि सनद हातची गेल्याने पोळलेल्या सुधाकराला तळीराम देतो तो पहिला. दारू सोडण्याचा निश्चय केल्यानंतर, कामासाठी वणवण करून पदरी अवहेलनाच आल्यावर, सुधाकर घेतो तो दुसरा. अपत्याचा आणि सिंधूचा घात झाल्यावर विष कालवून घेतलेला तिसरा. रंगभूमीवर या तिन्ही प्याल्यांना एकच नाव आहे आणि नाटकाचा परिणाम पुष्कळ अंशी त्या एकत्वावर उभा आहे. अभ्यासकाला मात्र ते वेगळे करावे लागतात.

पहिल्या प्याल्यात व्यसन नसते. मद्याची चव घेणारे बहुसंख्य लोक पुढे अवलंबी होत नाहीत, ही गोष्ट सामान्य निरीक्षणासही पटणारी आहे. सुधाकराच्या पहिल्या प्याल्याचे वैशिष्ट्य निराळे आहे. तो सुखासाठी घेतलेला नसून दुःख बुजविण्यासाठी घेतलेला आहे. वेदना थांबविणारी कृती मनात लवकर रुजते आणि तीच वेदना पुन्हा उद्भवताच तीच कृती सुचते. गडकऱ्यांनी हा कार्यकारणभाव शास्त्राच्या आधारावाचून नेमका पकडला आहे.

दुसरा प्याला समुपदेशकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेने अवलंबी झालेल्या माणसाला पहिलाच प्याला टाळावयास सांगितले, तो 'पहिला' म्हणजे वस्तुतः हा दुसरा प्याला. अ‍ॅलन मार्लॅट आणि ज्यूडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुनःपतनविषयक ग्रंथात अशा प्रसंगाचे विवेचन आहे. एकदा नियम मोडला की माणूस तो दोष प्रसंगाकडे न देता स्वतःच्या नालायकीकडे देतो, आता सारे संपलेच असे मानतो आणि घसरण पूर्ण करतो. सुधाकराचा मानी स्वभाव येथे खरा घातक ठरतो. ज्याला अर्धे यश हे अपयशच वाटते, त्याला एका चुकीनंतर परत फिरण्याची वाट दिसत नाही. स्वभाव आणि द्रव्य हे येथे परस्परांचे पर्याय नसून एकमेकांत गुंतलेले आहेत.

याच ठिकाणी नाटकातील एक उणीवही नजरेस येते. सुधाकर व्यसनाच्या चढत्या अवस्थांचे दीर्घ विवेचन रामलालजवळ करतो. परंतु त्याग आणि पुनःपतन यांच्यामध्ये शरीराची जी वेदना असावयास हवी, ती प्रसंगरूपाने उभी राहत नाही. उभा राहतो तो मानभंग. प्रत्यक्षात बराच काळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी सोडल्यास साधारणतः सहा तासांनंतर कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रमयुक्त उन्मादाची अवस्था येऊ शकते. तीत उपचाराअभावी मृत्यूही ओढवतो. शपथेने दारू सोडविण्याचे दृश्य रंगभूमीवर उदात्त वाटते. अशा रुग्णाला वैद्यकीय देखरेखीवाचून तसा सल्ला देणारा समुपदेशक मात्र त्याचा जीव धोक्यात घालतो. ही उणीव कलेची नसून काळाची आहे, असे म्हणून नाटककाराला दोषमुक्त करता येईल. परंतु नाटकाने रूढ केलेली 'निश्चय असेल तर सुटते' ही समजूत तशीच पुढे चालविणाऱ्यांना दोषमुक्त करता येणार नाही.

ही समजूत अन्य द्रव्यांना लावणे तर अधिकच धोक्याचे. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते ब्राऊन शुगरच्या प्रसारामुळे, आणि अनिल अवचट यांच्या 'गर्द' या पुस्तकाचा विषयही तोच आहे. ब्राऊन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइन. ते सोडताना होणारा त्रास, ज्याला व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात, तो अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी आणि निद्रानाश यांनी असह्य होतो. पण एरवी धडधाकट माणसाचा जीव त्याने सहसा जात नाही. तेथे मृत्यू दबा धरून असतो तो पुनःपतनात. काही आठवडे द्रव्य बंद राहिल्याने सहनशक्ती उतरलेली असते; अशा वेळी जुनी मात्रा घेतल्यास श्वसन मंदावून प्राण जातो. म्हणजे मद्याच्या बाबतीत एकाएकी थांबणे घातक, तर अफूवर्गाच्या बाबतीत थांबल्यानंतरचा 'एकच' झुरका घातक. द्रव्याचा वर्ग ठाऊक नसलेल्याला हा भेद कळणार नाही.

तथापि द्रव्यज्ञान म्हणजे सर्व काही नव्हे, याचा पुरावा नाटकातच आहे. निराश प्रेमामुळे दारूकडे वळलेला भगीरथ रामलालच्या सहवासाने सावरतो आणि लोकसेवेकडे वळतो. द्रव्य तेच, परिणाम वेगळा. नॉर्मन झिनबर्ग यांनी १९८४ साली मांडलेल्या विचारानुसार द्रव्य, ते घेणाऱ्याची मनोवृत्ती आणि परिस्थिती या तिहींच्या संयोगाने परिणाम ठरतो. भगीरथाला माणूस आणि कार्य मिळाले. सुधाकराला समाजाने दारे बंद केली आणि आर्यमदिरामंडळाचे दार तेवढे उघडे राहिले. त्या मंडळातील विनोदी कोटिक्रम म्हणजे व्यसनाच्या समर्थनाचा जणू कोशच आहे. तळीरामाच्या युक्तिवादावर प्रेक्षक हसतो. समुपदेशकाला तेच युक्तिवाद समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून गंभीरपणे ऐकावे लागतात.

राहता राहिली सिंधू. घराची राखरांगोळी होत असता ती दळण दळून संसार चालविते आणि अखेरीस पतीचा अपराध पोलिसांपासून लपविते. आजच्या परिभाषेत अशा वर्तनाला व्यसनास पाठबळ देणारे म्हटले जाते, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु ज्या समाजात स्त्रीला पतिगृहाबाहेर प्रतिष्ठेने जगण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता, त्या समाजातील स्त्रीच्या मौनावर रोगाचे नाव चिकटविणे हा अन्याय होय. तळीरामाची पत्नी गीता नवऱ्याला फटकळपणे सुनावते, पण तिचीही सुटका होत नाही. परिभाषा वापरण्यापूर्वी परिस्थिती पाहावी, हा धडा या दोन स्त्रियांच्या तुलनेतून मिळतो.

तेव्हा आरंभीच्या वादाचे उत्तर असे देता येईल. 'एकच प्याला' हे केवळ दारूचेही नाटक नाही आणि केवळ स्वभावाचेही नाही. द्रव्य, स्वभाव आणि परिस्थिती यांनी एकमेकांना बळ दिल्याने घडलेला तो नाश आहे. शोकात्मिका म्हणून त्याचे सामर्थ्य या संयोगात आहे. त्याच्या शीर्षकातील सिद्धान्त मात्र शास्त्र म्हणून स्वीकारण्याजोगा नाही. व्यसनी माणसाच्या मानभंगाची खोली समुपदेशकाने गडकऱ्यांपासून अवश्य शिकावी. त्याच्या शरीरात काय चालले आहे, हे मात्र औषधविज्ञानालाच विचारावे.