‘हेमाडपंती’ : एका संज्ञेची उणी बाजू

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या दगडी देवळास ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात इतका रूढ आहे की, या संज्ञेचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. देवगिरीचे यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीशी ती जोडली गेली आहे. हा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. परंतु अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असूनही ते देऊळ लोकव्यवहारात हेमाडपंतीच ठरते. हा कालविपर्यास अभ्यासकांस परिचित आहे. अधिक गंभीर दोष संज्ञेच्या व्याख्येत आहे.

‘चुन्यावाचून दगडावर दगड रचून केलेले बांधकाम’ ही ती सर्वमान्य व्याख्या. काय वापरले नाही, एवढेच ती सांगते. चिऱ्यास चिरा कशाने धरला आहे, हे सांगत नाही. शिवाय तिच्यातील क्रियापद ‘रचणे’ हे आहे. रचतात ती कडब्याची गंजी. घर आणि भिंत मराठी माणूस ‘बांधतो’. ज्या धातूने गाठ बांधावयाची त्याच धातूने भिंत उभारावयाची, ही भाषेची सूचना वस्तुतः स्थापत्याच्या दृष्टीने अचूक आहे. व्याख्याकारांनी नेमकी तीच गमावली.

चुना नसलेली भिंत प्रथमतः भाराने उभी राहते. वरच्या थराचे ओझे खालच्या थरास दाबून धरते आणि घडीव पृष्ठांमधील घर्षण चिरा सरकू देत नाही. हा बंध उभा झाला. परंतु जाड भिंतीस दोन तोंडे असतात, आतील व बाहेरील. त्यांमध्ये पुष्कळदा डबर भरलेला असतो. ही दोन तोंडे परस्परांस जखडणारा आडवा बंध भारातून निर्माण होत नाही. त्यासाठी भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगडच घालावा लागतो. रूढ व्याख्येत या दुसऱ्या बंधास जागाच नाही. (वेरूळच्या कैलासास तिची गरज नव्हती, तेथे खांब, तुळया सर्व काही असून सांधा मात्र नाही.)

या उणिवेचे गांभीर्य देवळांपेक्षा घरांच्या संदर्भात अधिक जाणवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरांच्या भिंती बारीक नव्हत्या. उलट दोन-दोन फूट व त्याहूनही जाड होत्या. मातीत बसविलेल्या दगडांची दोन तोंडे, मध्ये भर, आरपार दगड बहुधा नाहीत, आणि वर माळवदाचे ओझे. हादऱ्याने दोन्ही तोंडे विलग झाली, बाहेर फुगली आणि ढासळली. एका संज्ञेने या भिंती पाडल्या, असे म्हणणे अर्थातच हास्यास्पद होईल. तथापि जाडी म्हणजेच बळकटी ही समजूत आणि ‘दगडावर दगड’ हे कौतुक एकाच दृष्टीतून आलेले आहेत. दोन्हींत वजन दिसते, बंध दिसत नाही.

त्याच वर्षीच्या भारतीय मानक १३८२८ ची भाषा या तुलनेत रूक्ष, पण नेमकी आहे. दगडी भिंतीत दर ६०० मिलिमीटर उंचीस आरपार दगड असावेत आणि त्यांतील आडवे अंतर १.२ मीटरहून अधिक नसावे, असे ते सांगते. उभ्या असलेल्या जुन्या भिंतींसाठी निराळा उपाय योजला गेला. काही दगड हलक्या हाताने काढून भिंतीस आरपार भोक पाडावयाचे, ते दोन्ही टोकांस रुंद ठेवावयाचे, आत आकडे वळविलेली सळई घालून काँक्रीट भरावयाचे. रुंद टोकांमुळे हा काँक्रीटचा दगड दोन्ही तोंडांस धरून ठेवतो. सळई काँक्रीटने पुरती झाकली जाणे मात्र अत्यावश्यक आहे. उघडे लोखंड गंजले की फुगते आणि ज्यास धरावयाचे त्या दगडासच तडा देते.

देवळांच्या वर्णनांत मूर्ती, थर व शिखर यांची बारकाईने नोंद होते. भिंतीच्या दोन तोंडांमध्ये काय आहे आणि ती कोठे जखडली आहेत, हा रकाना त्या नोंदींत क्वचितच आढळतो.