बँकेचा कार्बन-हिशेब आणि कर्जदार शेतकरी : भारतीय स्टेट बँकेच्या हवामानविषयक वचनांची समीक्षा

प्रास्ताविक

बँकेला धुराडे नसते. त्यामुळे तिच्या कार्बन उत्सर्जनाची चर्चा प्रथमदर्शनी अनाठायी वाटण्याचा संभव आहे. तथापि कारखान्याचे धुराडे ज्या भांडवलावर उभे राहते, ते बहुधा बँकेकडूनच आलेले असते. या दृष्टीने भारतीय स्टेट बँकेच्या उद्दिष्टांचे परीक्षण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १ जुलै १९५५ रोजी स्थापन झालेल्या या बँकेने २०३० पर्यंत स्वतःच्या कामकाजापुरती कार्बन-तटस्थता आणि २०५५ पर्यंत, म्हणजे शताब्दीवर्षी, निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे ठरविले आहे. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर केलेल्या २०७० या मुदतीपेक्षा ही मुदत पंधरा वर्षे अलीकडची असून ती स्वागतार्ह आहे.

हिशेबाची व्याप्ती

उत्सर्जनाच्या प्रचलित मापनपद्धतीत तीन व्याप्ती मानल्या जातात. जनित्रे व वाहने यांचे इंधन पहिल्या व्याप्तीत, विकत घेतलेली वीज दुसऱ्या व्याप्तीत आणि कर्ज व गुंतवणुकीतून होणारे उत्सर्जन तिसऱ्या व्याप्तीत येते. सीडीपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ मधील अहवालानुसार वित्तसंस्थांच्या भांडवलाशी निगडित उत्सर्जन त्यांच्या कामकाजातील उत्सर्जनाच्या सरासरी ७०० पटींहून अधिक भरते. यावरून २०३० चे उद्दिष्ट पूर्ण झाले तरी मूळ प्रश्नाच्या काठालाच स्पर्श होईल, हे उघड आहे. शाखांवर सौरपट्ट्या बसविणे इष्टच. परंतु खरी कसोटी कर्जखात्यात आहे.

तिसऱ्या व्याप्तीच्या मापनातही पळवाटा संभवतात. समजा, एका वीज कंपनीचे भागभांडवल व कर्ज मिळून १०,००० कोटी रुपये असून त्यांत बँकेचे कर्ज १,००० कोटी आहे. कंपनीचे वार्षिक उत्सर्जन १०० लाख टन असेल, तर बँकेच्या वाट्याला १० लाख टन येतात. सूचिबद्ध कंपनीच्या बाबतीत छेदस्थानी भागांचे बाजारमूल्य धरले जाते. बाजार तेजीत आला की धूर तेवढाच राहूनही बँकेचा वाटा घटतो. तसेच गृहकर्जे वाढली की दर रुपयामागील उत्सर्जन कमी दिसते. एकूण उत्सर्जन मात्र कमी होतेच असे नाही. म्हणून केवळ तीव्रतेचा आकडा पुरेसा मानता येत नाही.

एक बोलके उदाहरण

ऑस्ट्रेलियातील कारमायकेल कोळसा खाणीसाठी एक अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाचा सामंजस्य करार या बँकेने २०१४ मध्ये केला होता. २०२० मध्ये या प्रकल्पाला कर्ज देण्याचा विचार पुन्हा चर्चेत येताच आमुंडी या फ्रेंच गुंतवणूकसंस्थेने बँकेचे हरित रोखे विकण्याचा इशारा दिला. एका हाताने हरित रोखे आणि दुसऱ्या हाताने कोळशाला कर्ज, ही विसंगती गुंतवणूकदारांनाच खटकली. कोळशाविषयी स्पष्ट कर्जधोरण नसेल, तर दूरच्या मुदतीवर विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

धाडच्या शेतातून पाहता

बुलढाणा तालुक्यातील धाड परिसरात कपाशी व सोयाबीन घेणाऱ्या शेतकऱ्याचे पीककर्जही बँकेच्या तिसऱ्या व्याप्तीतच मोडते. कपाशीला दिलेल्या युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णताकारक आहे. म्हणजे हा शेतकरी उत्सर्जनाच्या वहीत येतो, आणि पावसाने ताण दिला की थकबाकीच्या वहीतही येतो. आकडा घटविण्याच्या नादात बँकेने अशा कर्जांकडे पाठ फिरविली, तर ज्याचा दोष अल्प त्यालाच शिक्षा अधिक, असे होईल. शेतीसाठी १८ टक्के कर्जाचे बंधन काही संरक्षण देते. परंतु ठिबक सिंचन, सौरपंप व माती परीक्षण यांस सुलभ कर्ज मिळेल, याची हमी ते देत नाही.

समारोप

हवामानविषयक वित्तीय जोखीम उघड करण्याबाबतचा मसुदा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. स्वेच्छेच्या मार्गाची मर्यादाही दिसून आली आहे : २०२१ मध्ये स्थापन झालेल्या निव्वळ शून्य बँक आघाडीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपले काम थांबविले. यास्तव बँकेच्या वचनाचे मूल्यमापन चार निकषांवर व्हावे : तिसऱ्या व्याप्तीचा क्षेत्रनिहाय एकूण आकडा, २०५५ पूर्वीचे टप्पे, कोळशाच्या कर्जाची लेखी मर्यादा आणि लहान शेतकऱ्याच्या कर्जास संरक्षण. यांपैकी चौथा निकष वगळला, तर हिशेब शुद्ध दिसेल. न्याय्य ठरणार नाही.