'प्रति'चे 'पत्री' होताना

2003 साली एका स्थानिक साप्ताहिकाच्या दिवाळी पुरवणीत मी 'पत्री सरकार' या विषयावर लेख लिहिला होता. लोकांना तो आवडला. त्यात शेणोलीला अडवलेली रेल्वे होती, धुळ्याजवळ चिमठाण्याला लुटलेला सरकारी खजिना होता आणि खबऱ्यांच्या तळपायांचे वर्णन तर मी जरा चवीनेच केले होते. न्यायदान मंडळांच्या वाट्याला एक वाक्य आले होते. या वर्षी कपाट आवरताना ते कात्रण हाती लागले. पुन्हा वाचले आणि ओशाळले.

ओशाळण्याचे निमित्त साताऱ्याचे नव्हते, कुर्दांचे होते. मे 2025 मध्ये कुर्दिस्तान कामगार पक्षाने आपली संघटना विसर्जित करीत असल्याचे जाहीर केले. 11 जुलैला इराकमधील सुलेमानियाजवळ त्यांच्या एका तुकडीने आपल्या बंदुका जाळल्या. आपल्याकडच्या बातम्यांत बंदुका होत्या, तुर्कस्तानचे सरकार होते, चाळीस वर्षांचा रक्तपात होता. हा पक्ष आणि त्याच्या विचाराच्या संघटना गेली वीस वर्षे ज्या राज्यव्यवस्थेची मांडणी करीत होत्या, तिच्याविषयी मात्र मला फारसे काही सापडले नाही. चिडून शोधायला बसले आणि लक्षात आले की नेमके हेच मी साताऱ्याच्या बाबतीत केले आहे.

कुर्दांची कहाणी थोडक्यात सांगते. 1920 च्या सेव्हरच्या तहात त्यांना स्वायत्ततेची, पुढे कदाचित स्वतंत्र राज्याची आशा दाखवली गेली. 1923 च्या लोझानच्या तहात तिचे नावही उरले नाही, आणि हा समाज तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया अशा चार देशांत वाटला गेला. 1978 मध्ये अब्दुल्ला ओजलान आणि सहकाऱ्यांनी पक्ष काढला तो स्वतंत्र राष्ट्रासाठी, आणि 1984 पासून तो सशस्त्र लढ्यात उतरला. अनेक देशांच्या लेखी तो दहशतवादी संघटना ठरला. 1999 पासून ओजलान तुरुंगात आहेत. तिथे त्यांनी मरे बुकचिन या अमेरिकी विचारवंताची पुस्तके वाचली आणि 2005 मध्ये 'लोकशाही महासंघवादा'ची भूमिका मांडली. स्वतंत्र राष्ट्र-राज्याचा आग्रह सोडायचा, सीमा आहेत तिथे राहू द्यायच्या आणि त्यांच्या आत गावागावांत, मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोकांनी आपला कारभार आपण पाहायचा. 2012 नंतर उत्तर सीरियातल्या रोजावा भागात हे प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न झाला. तळाशी मोहल्ल्याची सभा, तिच्यावर परिषदा, आणि अध्यक्षपदी प्रत्येक ठिकाणी एक स्त्री व एक पुरुष. जगाने पाहिले ते कोबानीच्या लढाईतल्या बंदूकधारी मुलींचे फोटो. त्या मुलींच्या मागे वस्तीत सभा भरत होती, तिचा फोटो कोण काढणार?

आता सातारा. 1942 चा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि बराचसा सांगली. त्या सप्टेंबरमध्ये तासगावला मोर्चा निघाला, वडूजला गोळीबार झाला. कचेऱ्यांवर चालून जाण्याची किंमत कळल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि 1943 पासून नाना पाटलांच्या नावाने एक समांतर कारभार उभा राहिला. तो 1946 पर्यंत चालला. नाना पाटील मूळचे तलाठी. 1930 मध्ये नोकरी सोडून ते चळवळीत आले. गावाच्या जमिनीचे दफ्तर ज्याने स्वतः लिहिले, त्याला सरकार म्हणजे नेमके काय असते हे पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असणार, असे मला नेहमी वाटते.

या कारभाराचे नाव 'प्रतिसरकार'. लोकांच्या तोंडी ते 'पत्री सरकार' झाले. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी फितुरांच्या पायाला ठोकत, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. आठवणी बारकाईने वाचल्या तर बहुतेक ठिकाणी तळपायावर काठीने मारल्याचे येते. पण दंतकथेला खिळा लागतो. माझे म्हणणे असे की हा केवळ उच्चाराचा अपभ्रंश नाही. 'प्रति'मध्ये एक राजकीय दावा आहे : तुमच्या सरकारच्या जागी आमचे सरकार. 'पत्री'मध्ये फक्त शिक्षा उरते. आणि आपल्या लेखनाने, माझ्या त्या लेखासकट, दुसऱ्या शब्दाची बाजू घेतली.

भूमिगतांच्या आठवणी, गौरवग्रंथ, स्मरणिका यांचा एक ठरलेला साचा आहे. तुरुंग फोडणे, वेषांतर, उसाच्या फडात काढलेली रात्र, थोडक्यात चुकलेली गोळी. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगणाऱ्यांचे मोठेपण मी कमी करीत नाही. पण मधेच 'आम्ही गावोगावचे तंटे मिटवले, सावकारांच्या घशातल्या जमिनी सोडवल्या, कमी खर्चात गांधी-विवाह लावले' असे एक वाक्य येते आणि पुढच्या ओळीत पुन्हा पोलीस मागे लागतात. तंटा कशाचा होता, पंच कोण होते, हरलेल्या बाजूने निवाडा का मानला, यावर परिच्छेदही नाही. यात लेखकांचा सगळा दोष नाही. भूमिगत न्यायालय कागद ठेवत नाही. कागद सापडला तर माणूस सापडतो. उलट, सरकारी दफ्तरात गुन्हा नोंदला जातो, मिटलेले भांडण नोंदले जात नाही. म्हणजे शत्रूच्या कागदांवरून आणि आपल्या शौर्यकथांवरून इतिहास लिहिला तर दोन्हीकडून बंदूकच हाती येते.

स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसते. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग केले, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. पी. साईनाथ यांनी 'द लास्ट हीरोज' (2022) मध्ये त्यांच्यासारख्यांना जी जागा दिली, ती मराठीने आधीच द्यायला हवी होती. पण हा प्रसंग वाचताना मला दर वेळी खटकते की आपल्याला आठवते ती बाई मार खाण्याचे नाटक करणारी. निवाड्याच्या पंगतीत बसलेल्या बाईबद्दल आपण विचारीतच नाही. रोजावाच्या जोड-अध्यक्षपदाचे कौतुक करणाऱ्या मराठी मंडळींनी (त्यांत मी आहे) आधी हा प्रश्न आपल्या गावात विचारायला हवा होता.

गेल ऑम्वेट यांनी 1942 वरच्या इंग्रजी लेखसंग्रहात (1988) प्रतिसरकारची मुळे सत्यशोधक-ब्राह्मणेतर परंपरेत दाखवली, आणि ए. बी. शिंदे यांचा अभ्यासही (1990) मोलाचा आहे. ऑम्वेट यांचे म्हणणे मला पटते. त्यात मी एक गाव जोडू इच्छिते : कुंडल.

तुफान सेनेचे, जी. डी. बापू लाडांचे कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हते. ते औंध संस्थानात होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने, बहात्तर गावांच्या आपल्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. गावाने पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, आणि तालुक्यांतून विधिसभा. खालून वर जाणारी ही उतरंड रोजावाच्या उतरंडीशेजारी ठेवून पाहा. इंदिरा रोदरमुंड यांनी औंधवर पुस्तक लिहिले (1983), पण आपल्या लेखनात औंध 'गांधीवादी प्रयोगा'च्या कप्प्यात आणि प्रतिसरकार 'क्रांती'च्या कप्प्यात पडून आहे. औंधचे सामान्य वाचकाला काय आठवते? खुला तुरुंग, तोही 'दो आँखें बारह हाथ'मुळे. कुंडल दोन्ही कप्प्यांत आहे. संस्थानी हद्दीमुळे भूमिगतांना आसरा मिळाला, हे सगळे मान्य करतात. पण 1939 पासून पंचायतीची सवय लागलेल्या मुलखात 1943 मध्ये न्यायदान मंडळे उभी राहिली, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. हे माझे अनुमान आहे; कुणी खोडून काढले तर शिकेन.

या तुलनेला मर्यादा आहेत. प्रतिसरकारला आपले राष्ट्र येणार याची खात्री होती. 1946 मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि ते आवरले गेले. पुढे नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले, लोकसभेतही बसले. कुर्दांना अशी खात्री कधीच नव्हती. आणि दोन्हीकडे काळी बाजू आहे. रोजावातल्या सत्ताधाऱ्यांवर विरोधकांना दडपल्याचा, अल्पवयीनांना सैन्यात घेतल्याचा ठपका मानवी हक्क संघटनांनी ठेवला आहे. काठी आपल्याकडेही होती आणि ती नेहमी फितुरावरच पडली असेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. स्वराज्याची सभा आणि शिक्षेची काठी एकाच हातात असेल तर काय होते, हा प्रश्न 'पत्री'च्या गमतीजमतींत विरून जातो. म्हणून तर तो शब्द मला आता नकोसा झाला आहे.

हे सगळे मी भाईंदरला बसून लिहिते आहे. इथल्या ग्रामपंचायती 1985 मध्ये एकत्र करून नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. ऑगस्ट 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. तेव्हापासून 2025 च्या दिवाळीपर्यंत तरी प्रशासकच कारभार पाहत होते. साताऱ्यात तीन वर्षे सरकारावाचून लोकांनी कारभार केला. आमच्याकडे तीन वर्षे लोकांवाचून कारभार चालला आणि आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावे लागते.

माझे माहेर वाळवा तालुक्यातले. आजीकडून 'पत्री'च्या भीतीच्या गोष्टी मी लहानपणी पुष्कळ ऐकल्या, त्या 2003 च्या लेखात वापरल्याही. तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट मी गाळली होती, कारण तिच्यात काही घडत नाही. आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाद होता. मंडळाची माणसे रात्री आली, देवळामागे बसली, दोन्हीकडचे ऐकले आणि पाळ्या वारांनी वाटून दिल्या. आजोबांचा अर्धा दिवस गेला. "पर कोर्टाची पायरी न्हाई चढाय लागली," आजी म्हणायची. का मानले त्यांनी, असे मी तिला कधी विचारले नाही. विहिरीवर विजेची मोटर बसेपर्यंत त्याच वारांनी पाणी वाटले जात होते. मंगळवार आणि शुक्रवार आमचे.