रामशास्त्र्यांची उरलेली गोष्ट

न्यायाधीशाच्या निर्भयतेचा विषय निघाला की मराठी माणसाला पहिलं नाव आठवतं ते रामशास्त्री प्रभुण्यांचं. 1944 साली प्रभातने त्यांच्यावर चित्रपट काढला, गजानन जागीरदारांनी ती भूमिका केली, आणि ती प्रतिमा आपल्या डोळ्यांत कायमची बसली. 1773 मध्ये नारायणरावाचा खून झाला. शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर सांगितलं, याला देहांत प्रायश्चित्त. आणि पुणं सोडलं. टाळ्या!

या गोष्टीवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आपण ती जिथे थांबवतो त्यावर. रामशास्त्री नंतर परत आले. बारभाईंच्या कारभारात त्यांनी पुन्हा न्यायाधीशपद सांभाळलं आणि 1789 साली मृत्यू येईपर्यंत ते काम केलं. त्या वर्षांत त्यांच्यासमोर काय असेल? वतनाचे तंटे, दत्तकाचे वाद, कर्जाचे कागद. त्यावर कोणी चित्रपट काढत नाही. पण न्यायाधीशाचं आयुष्य बहुतेक याच कामात जातं, आणि कणा टिकतो की झिजतो हेही इथेच ठरतं.

धैर्य हा क्षणाचा गुण आहे असं आपण धरून चालतो. ॲरिस्टॉटल म्हणतो, सद्गुण ही सवय आहे. धैर्याची कृत्यं करत करतच माणूस धैर्यवान होतो. मग सोपा निष्कर्ष निघतो, नाही का? न्यायाधीश जितका अनुभवी, तितका निर्भय. इथेच गफलत आहे. अनुभव शहाणपण देतो, तसा तो हिशेबही शिकवतो. नव्या न्यायाधीशाला निर्भयतेची किंमत ठाऊक नसते. जुन्याला ती पैशापैशाने ठाऊक असते.

आणीबाणीचं उदाहरण घ्या. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं. त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात. म्हणजे हे आपल्याच दारातलं न्यायालय. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला: दाद मागता येत नाही. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. बहुमतात आपले पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड.

आता दोघांचा अनुभव मोजा. चंद्रचूड उच्च न्यायालयात आले 1961 ला, खन्ना 1962 ला. सर्वोच्च न्यायालयात खन्ना 1971 ला, चंद्रचूड 1972 ला. तराजू जवळजवळ सारखा! म्हणजे अनुभवाच्या वर्षांनी फरक पडला असं म्हणता येत नाही. समोरची किंमतही दोघांना दिसत होती. 1973 मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमल्याचं दोघांनी पाहिलं होतं. पुढे जानेवारी 1977 मध्ये खन्नांनाही डावललं गेलं. त्यांनी राजीनामा दिला.

चंद्रचूडांच्या हेतूवर मी शिंतोडे उडवणार नाही. उलट एक आठवण करून देतो. 1980 च्या मिनर्व्हा मिल्स निकालात, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार अमर्याद नाही, हे बहुमताच्या वतीने लिहिणारे सरन्यायाधीश तेच होते. कणा एकदा वाकला म्हणजे कायमचा गेला असं नसतं, आणि एकदा ताठ राहिला म्हणजे कायमचा ताठ असंही नसतं. त्याची निगा राखावी लागते.

ती कोणी राखायची? रामशास्त्र्यांची गोष्टच उत्तर देते. घरात त्या दिवसापुरतंच धान्य ठेवायचं, अशी त्यांची ख्याती आहे. ज्याच्या गरजा कमी, त्याला विकत घेणं कठीण. हा झाला न्यायाधीशाचा वाटा. दुसरा वाटा माधवरावांचा. कारभार सोडून जपतपात रमलेल्या पेशव्याला शास्त्रीबुवांनी खडसावलं, आणि पेशव्याने ऐकलं, असं सांगतात. ऐकणारा धनी असला की सत्य बोलणं स्वस्त होतं.

आपल्याकडे तो धनी म्हणजे राज्यघटना, सरकार आणि आपण सगळे. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. बदली हे किती धारदार हत्यार आहे ते तेव्हा कळलं. निवृत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला वकिली करता येत नाही, घटनेनेच ती वाट बंद केली. पण सरकारी नेमणुकीची वाट उघडी ठेवली. बासष्ट किंवा पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटच्या दोन वर्षांत ती वाट दिसत नसेल का? माझं मत स्पष्ट आहे: निवृत्तीनंतर काही वर्षं अशी नेमणूक नकोच, आणि पेन्शन इतकं पुरेसं असावं की तिची गरज वाटू नये.

आणि आपण? निकाल आपल्या बाजूचा लागला की न्यायाधीश रामशास्त्री, विरुद्ध लागला की विकला गेलेला. निकालपत्र वाचतं कोण? बाररूममध्ये, चहाच्या टपरीवर, मोबाईलवर आपण शिक्के मारत बसतो. कारणं न वाचता मारलेला प्रत्येक शिक्का प्रामाणिक न्यायाधीशाला एकच धडा देतो, की कारणं लिहून उपयोग नाही.

खन्नांच्या त्या एकट्या मताला 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने योग्य ठरवलं आणि 1976 चा निकाल रद्द केला. त्या पीठावर यशवंतरावांचे चिरंजीव होते, आणि वडिलांचा निकाल सदोष असल्याचं त्यांनी स्वतः लिहिलं. एक्केचाळीस वर्षं लागली. एवढा काळ ते मत जिवंत राहिलं, कारण ते कारणांसकट लिहिलेलं होतं आणि वाचणारे कोणी ना कोणी होते. तेव्हा पुढच्या वेळी टाळी वाजवण्याआधी, किंवा शिवी देण्याआधी, निकालाची चार पानं वाचा, एवढंच मागणं आहे.