थट्टेचा हक्क आणि चाहत्याचा अभिमान : कोल्हापूरच्या क्रीडासंवादाची चिकित्सा

प्रास्ताविक

कोल्हापूरला खेळाचे वेड आहे, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. खासबाग मैदान, पेठापेठांतील तालमी, शाहू स्टेडियमवरील फुटबॉलचा हंगाम आणि विश्वचषकाच्या काळात गल्लोगल्ली फडकणारे ब्राझील व अर्जेंटिनाचे ध्वज ही या वेडाची दृश्य रूपे होत. त्याचे श्राव्य रूप मात्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. ते म्हणजे खेळाविषयीचे बोलणे. कोल्हापुरात हे बोलणे प्राधान्याने थट्टेचे असते. आवडत्या खेळाडूची स्तुती येथे 'नाद खुळा' या दोन शब्दांत उरकते. त्याच्या चुकीवर मात्र कट्ट्यावर संध्याकाळ पुरत नाही.

या थट्टेकडे आजवर कौतुकाने पाहिले गेले. २०२४ मध्ये मात्र त्या कौतुकाला तडा देणारी घटना घडली. २७ मार्च रोजी हैदराबाद येथे सनरायझर्स हैदराबाद आणि मुंबई इंडियन्स यांच्यात सामना झाला. हैदराबादने ३ बाद २७७ धावा केल्या आणि मुंबईचा डाव ५ बाद २४६ धावांवर थांबला. हा सामना दूरचित्रवाणीवर पाहत असता करवीर तालुक्यातील एका गावात, रोहित शर्मा बाद झाल्यावर एका वयस्क प्रेक्षकाने आनंद व्यक्त केला आणि आता मुंबई कशी जिंकणार, अशा आशयाची चेष्टा केली. त्यावरून झालेल्या मारहाणीत तो गंभीर जखमी झाला व पुढे त्याचा मृत्यू झाला. घटनेची न्यायालयीन बाजू हा येथे विषय नाही. खेळाविषयीच्या एका चेष्टेची किंमत जीव ही कशी झाली, हा प्रश्न मात्र समाज आणि भाषा यांच्या अभ्यासकांना टाळता येणार नाही. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने कोल्हापूरच्या क्रीडासंवादातील थट्टेचे स्वरूप, तिचे संकेत आणि त्या संकेतांची झालेली पडझड यांचा विचार केला आहे.

थट्टेचा देशी वारसा

मराठी लोकसंस्कृतीने थट्टेला मुभा दिली, पण ती मोकाट सोडली नाही. शिमग्याला तोंड सुटते, परंतु शिमगा संपतो. होळीपुढे दिलेल्या शिव्या रंगपंचमीनंतर कोणी मनात ठेवायच्या नसतात. तमाशातील सोंगाड्या राजाचीही टर उडवतो. मात्र ते सोंग आहे हे त्याला, राजाला आणि प्रेक्षकाला सारखेच ठाऊक असते. कलगी-तुऱ्याच्या परंपरेत एका फडाने प्रतिपक्षाला खिजवणारा कूट प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर काव्यातच द्यायचे, असा दंडक होता. खिजवणाऱ्यावर पुढच्या क्षणी खिजवले जाण्याची पाळी येई.

या तिन्ही प्रकारांत एक समान तत्त्व दिसते. थट्टेला मुदत आहे, थट्टेला उत्तर आहे आणि थट्टा करणारा स्वतः थट्टेच्या टप्प्यात उभा आहे. थट्टा करण्याचा हक्क हा थट्टा सोसण्याच्या तयारीतून मिळतो, असे हे तत्त्व थोडक्यात मांडता येईल.

कुस्तीच्या मैदानावर त्याचा प्रत्यय येत असे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झाले. तेथील प्रेक्षकांत स्वतः तांबड्या मातीत लोळलेली माणसे मोठ्या संख्येने असत. मल्लाने डाव चुकवला की मारलेला टोमणा हा जाणकाराचा शेरा असे. त्या टोमण्यामागे स्वतःच्या पाठीला लागलेल्या मातीची आठवण होती, म्हणून तो झोंबला तरी अपमान ठरत नसे.

तालमीचा संघ आणि शेजारचा खेळाडू

कोल्हापूरच्या फुटबॉलने तालमीचा हाच संस्कार उचलला. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावेच सांगतात की येथे संघ हा पेठेचा आणि तालमीचा विस्तार आहे. सोपा गोल दवडणारा आघाडीचा खेळाडू दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चहाच्या गाडीवर भेटतो. त्याची खिल्ली उडवणाऱ्याला त्याच्या घरचे लोक, त्याची दुखापत आणि त्याचा सराव ठाऊक असतो. परिणामी थट्टेला आपोआप एक मोजमाप राहते.

अर्थात हे चित्र रंगवताना भाबडेपणा टाळला पाहिजे. शाहू स्टेडियममध्ये समर्थकांच्या हुल्लडबाजीचे आणि हाणामारीचे प्रसंग वेळोवेळी घडले आहेत. जवळीक असली म्हणजे सौजन्य असतेच, असे नाही. भाऊबंदकीही जवळच्यांतच होते. फरक एवढाच की येथे भांडणाला पत्ता असतो. संयोजकांना, तालमीतील वडीलधाऱ्यांना, संघाच्या पदाधिकाऱ्यांना जाब विचारता येतो. ज्याने शब्द वापरला तो कोण, हे सर्वांना माहीत असते.

दूरचा नायक, उसना ध्वज

जवळचा खेळ म्हणजे चांगली थट्टा आणि दूरचा खेळ म्हणजे वाईट, असे सरळ समीकरणही मांडता येत नाही. ब्राझील आणि अर्जेंटिना हे कोल्हापूरपासून हजारो मैल दूर असलेले देश. तरी त्यांच्या नावाने येथे रंगणारी चुरस बहुतांशी खेळकर राहिली आहे. ८ जुलै २०१४ रोजी जर्मनीने ब्राझीलचा ७-१ असा पराभव केला तेव्हा, आणि २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे नमवले तेव्हा, प्रतिपक्षाला आयतेच खाद्य मिळाले. परंतु ९ डिसेंबर २०२२ रोजी ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला आणि १८ डिसेंबरला अर्जेंटिना विश्वविजेता ठरला. महिन्याभरात हसणाऱ्यांवर हसे फिरले. हा क्रम कलगी-तुऱ्यासारखाच होता. ध्वज उसना असला तरी खेळ घरचाच होता, कारण त्या दोन ध्वजांखाली कोल्हापूरकर एकमेकांनाच चिडवत होते.

इंडियन प्रीमियर लीगचे चाहतेपण निराळ्या मुशीत घडले. २००८ पासून सुरू झालेल्या या स्पर्धेतील संघ शहरांच्या नावाने ओळखले जात असले, तरी ते व्यापारी मालकीचे आहेत आणि खेळाडू लिलावातून येतात. चाहत्याकडे तेथे देण्यासारखे फारसे काही नसते. त्याच्याकडून मागितली जाते ती निष्ठा. ती जाहिरातींतून, घोषवाक्यांतून आणि नायकपूजेतून सतत जागी ठेवली जाते. ज्याला खेळात वाटा नाही त्याच्या हाती केवळ अभिमान उरतो. अभिमान हेच एकमेव भांडवल असले की त्यावरचा विनोद तोट्यासारखा वाटू लागतो.

या संदर्भात कोल्हापूरच्याच इतिहासातील एक प्रसंग आठवावा. हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली आणि राजाराम महाविद्यालयाच्या तत्कालीन प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्या पदकाविषयीचा अभिमान उसना नव्हता. त्यात लोकांचा पैसा होता, म्हणून हक्काची जिव्हाळ्याची चेष्टाही त्यात सामावू शकत होती.

महाजालावरचा बारमाही शिमगा

२००० नंतरच्या दशकात ऑर्कुटसारख्या संकेतस्थळांवर क्रीडाविषयक थट्टा लेखी स्वरूपात येऊ लागली. २०१६ नंतर मोबाइलवरील महाजाल स्वस्त झाले आणि हा व्यवहार गावोगाव पोहोचला. मीम, रील, स्टेटस ही त्याची आजची रूपे. त्यांतील कल्पकता नाकारण्याचे कारण नाही. चित्रपटातील एखाद्या चौकटीखाली कालच्या सामन्याचा हिशेब एका ओळीत मांडणारा तरुण हा सोंगाड्याचाच वंशज आहे. परंतु वर उल्लेखिलेले संकेत या माध्यमात एकामागून एक गळून पडले. कट्ट्यावरचा शब्द रात्रीत विरतो. पडद्यावरचा शब्द साठवला जातो आणि वर्षांनंतरही उकरून काढता येतो. शिमगा बारमाही झाला. टोपणनावाआडून बोलणारा स्वतः थट्टेच्या टप्प्याबाहेर राहिला. आणि थट्टेचा रोख खेळावरून खेळाडूच्या जन्मावर वळला.

या तिसऱ्या बदलाची उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमी याला त्याच्या धर्मावरून लक्ष्य करण्यात आले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अर्शदीप सिंग याच्या हातून झेल सुटताच त्याला 'खलिस्तानी' ठरवण्याचा प्रयत्न झाला. झेल सुटणे ही करणी आहे. तिची टर उडवण्याचा हक्क प्रत्येक प्रेक्षकाला आहे. धर्म ही करणी नव्हे. जेथे टोमण्याचा संबंध चेंडूशी उरत नाही तेथे तो क्रीडासंवादही उरत नाही.

२०२४ च्या हंगामात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याला वानखेडे स्टेडियमवर घरच्याच प्रेक्षकांनी हिणवले. महाजालावर त्याला उद्देशून 'छपरी' हा शब्द सर्रास वापरला गेला. आज तरुण मंडळी हा शब्द 'भडक, उथळ' अशा अर्थाने सहज उच्चारतात. महाविद्यालयाच्या आवारातही तो कानी पडतो. त्याचा संबंध छप्पर शाकारण्याच्या व्यवसायाशी आणि त्यावरून ओळखल्या जाणाऱ्या छप्परबंद समाजाशी जोडला जातो. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत समाविष्ट आहे. एका कोट्यधीश खेळाडूला हिणवण्यासाठी डोक्यावर धड छप्पर नसलेल्यांची ओळख शिवी म्हणून वापरली जावी, हा या विनोदाचा खरा दोष आहे. त्यातील उद्धटपणा नायकाविरुद्ध आहे असे भासते. मार मात्र तिसऱ्यालाच बसतो. पुढे २९ जून २०२४ रोजी पंड्याने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक टाकले, भारत ७ धावांनी जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. हिणवणे आणि पूजणे या दोन्हींत चिकित्सेचा भाग किती अल्प होता, हे त्यावरून कळते.

समारोप

करवीर तालुक्यातील घटनेकडे आता पुन्हा पाहता येईल. ती महाजालावर घडली नाही. माणसे समोरासमोर होती, एकाच परिसरातील होती. कट्टा शाबूत होता. त्याचा संकेत मात्र तेथे लागू पडला नाही. त्यामागील व्यक्तिगत कारणे बाहेरून सांगता येणार नाहीत. परंतु दूरच्या नायकाची निष्ठा आणि पडद्यावरची कायम पेटती ठेवलेली चुरस जेव्हा शेजाराच्या नात्यापेक्षा बलवत्तर ठरते, तेव्हा चेष्टेला चेष्टेने उत्तर देण्याची जुनी शिस्त किती दुबळी होते, याची ती खूण आहे. दोष केवळ यंत्राच्या माथी मारून भागणार नाही. थट्टा बंद करणे हाही उपाय नव्हे. जेथे नायकावर हसता येत नाही तेथे त्याची केवळ आरती होते, आणि आरतीत व्यत्यय आणणारा शत्रू ठरतो.

चाहतेपणाचा दुसरा मार्गही याच जिल्ह्याने दाखवला आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. महेंद्रसिंह धोनीचा शांतपणा आपल्याला भावतो आणि आपल्या खेळालाही तसाच संयम लागतो, असे त्याने सांगितले होते. नायकाकडून एक गुण उचलून तो स्वतःच्या कामात उतरवणे, ही या चाहतेपणाची रीत आहे. अशा चाहत्याला धोनीवरचा विनोद ऐकून हसता येईल, कारण त्याने घेतलेला गुण विनोदाने हिरावला जात नाही.

भाषा आणि समाजशास्त्रे शिकवणाऱ्या अध्यापकांसाठी येथे काम आहे. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरील क्रीडाविषयक विनोद हा वर्गात वाचण्याजोगा मजकूर आहे. हा टोमणा कोणाच्या करणीवर आहे की जन्मावर, त्याला उत्तर देण्याची सोय समोरच्याला आहे काय, आणि हाच विनोद उद्या आपल्यावर उलटला तर तो सोसण्याची तयारी आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर कोल्हापूरच्या कट्ट्याला त्याची थट्टा परत मिळू शकेल. हरलेल्या संघाच्या समर्थकाला चहा पाजता पाजता चिडवण्याची रीत या शहराला परकी नाही. चहाचे पैसे चिडवणाऱ्याने द्यायचे, एवढे मात्र ठरलेले असावे.