खिडकीबाहेर पाहणारे श्रोते

रेडिओ लोकांना सावध करतो की नुसता घाबरवतो, हा वाद निघाला की अमेरिकेतली ३० ऑक्टोबर १९३८ची रात्र हटकून पुढे येते. ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य बातम्यांच्या थाटात सादर केले आणि म्हणे देशभर पळापळ झाली. या समजाला विद्वत्तेचा आधार दिला हॅडली कॅन्ट्रिलच्या ‘द इन्व्हेजन फ्रॉम मार्स’ (१९४०) या ग्रंथाने. त्यातला साठ लाख श्रोत्यांचा आकडा मला पटत नाही. ती पाहणी सहा आठवड्यांनी, वृत्तपत्रांनी रान उठवल्यावर झाली; त्याच रात्री पाच हजार घरांत फोन करून विचारले, तेव्हा जेमतेम दोन टक्के लोक वेल्सला ऐकत होते. सविस्तर मुलाखती १३५, त्याही बहुतांशी घाबरलेल्यांच्याच.

तरीही मी या ग्रंथाकडे पुनःपुन्हा वळतो, तो श्रोत्यांनी केलेल्या खातरजमेच्या नोंदींसाठी. एकाने खिडकीतून पाहिले. रस्ता मोटारींनी भरलेला, म्हणजे लोक पळताहेत! दुसऱ्याच्या रस्त्यावर एकही मोटार नाही, म्हणजे पुढचे रस्ते उद्ध्वस्त झाले असणार. भीतीला दोन्ही पुरावे चालले. ज्यांनी काटा फिरवून दुसरे केंद्र लावले किंवा वर्तमानपत्रातला कार्यक्रमांचा तक्ता पाहिला, त्यांतले बरेच सावरले. आपत्तीची सूचना कशी द्यावी, याची चर्चा करताना आपण निवेदकाच्या आवाजावर आणि शब्दांवर पाने खर्च करतो. ते दुसरे केंद्र मात्र विसरतो. सर्व केंद्रांवरून एकच बातमी सहक्षेपित होत असेल, तर श्रोत्याने काटा कुठे फिरवायचा?